बाइट

भोपाळच्या अरेरा हिल्सवर, चार्ल्स कोरियांनी रचलेल्या विधानभवनाच्या फाटकाबाहेर, अधिवेशनाच्या दिवसांत एक प्राणी हमखास आढळतो. कडक इस्त्रीचा कुर्ता, पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात ओळखपत्र, बगलेत आमदारसाहेबांची फाइल. हा इंटर्न. साहेबांच्या बाइटसाठी चॅनेलच्या बूम-माइकवाल्यांना गोळा करायचं, ऊन कुठून येतंय ते कॅमेरामनला सांगायचं, साहेबांच्या मिशीतली पोह्यावरची शेव हळूच खुणेनं दाखवायची, ही सगळी याची खाती. दुसऱ्याच्या मुलाखतीचा हा तज्ज्ञ.

एक दिवस साहेब उशीर करतात आणि बूम याच्याकडे वळतो. “युवा के तौर पर आप क्या कहेंगे?”

रील करताना हाच पोरगा सलग तीन मिनिटं अर्थसंकल्पावर बोलतो. पण तिथं पंधराव्यांदा पुसून पुन्हा करायची सोय असते. इथं समोर लाल दिवा आणि मागं फुकटचे प्रेक्षक. त्याची बोबडीच वळते.

यात त्याचा दोष थोडाच. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये माणसाला हुकमी ताण देण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. निर्विकार परीक्षकांपुढं, कॅमेरा चालू ठेवून भाषण करायचं, मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायचं. एवढ्यानं भल्याभल्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल चढतं. वजाबाकी सोडली तर आमच्या इंटर्नचा पेपर तोच. बरं, हा काही एकटाच नाही. २०२३ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं ३१३ विकासखंडांत प्रत्येकी पंधरा, म्हणजे ४६९५ ‘जनसेवा मित्र’ इंटर्न उतरवले होते, महिना आठ हजारांवर. त्यांतल्या कितीजणांपुढं असा बूम आला असेल, कोण जाणे!

मराठी घरातल्या इंटर्नची पंचाईत आणखी निराळी. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयातले बाबू पेट्या-वळकट्यांसह भोपाळला आले. त्यांची नातवंडं तात्या टोपे नगरला बिनदिक्कत टी.टी. नगर म्हणतात. घरात नागपुरी मराठी, गल्लीत भोपाळी हिंदी, साहेबांपुढं ‘माननीय’. एरवी तिन्ही भाषा आपापल्या खोलीत गुण्यागोविंदानं नांदतात. लाल दिवा लागला की तिघी एकाच दारातून बाहेर पडायला बघतात. “माननीय मुख्यमंत्रीजी ने जो... म्हणजे... युवाओं के लिए... म्हणजे...”

रिपोर्टर विचारते, “जी?”

“म्हणजे,” तो ठामपणे सांगतो.

संध्याकाळी टीव्हीपुढं अख्खं घर. बातमी खड्ड्यांची निघते. पडद्यावर चार सेकंद त्याचा चेहरा येतो, ओठ हलतात, वरून निवेदिकेचा आवाज चालू. आजी आवाज वाढवायला लावते. रिमोटवरचे आकडे चढतात, निवेदिका आणखी ठणठणीत होते. आजी चष्मा सारखा करते.

“काहून रे, याचा आवाज बाईसारखा येऊन राहिला?”