नळीला गवसणी

आमच्या घरात उघडं काही राहत नाही. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, मिक्सरला फुलाफुलांचा झगा, फ्रिजच्या मुठीला मोजा, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा घागरा. नव्या पाहुण्याला वाटतं, घरात मुंज आहे आणि उपकरणं नटूनथटून ताटकळत बसली आहेत. हा नाद बायकोचा, असा नातेवाइकांचा समज आहे. तो खोडून काढायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. नाद माझा, शिलाई तेवढी तिची.

अशा माणसाच्या मेहुण्यानं बोट घेऊ नये. त्यानं घेतली. रेवदंड्याला त्याची वाडी आहे, नारळ-सुपारीवर माणूस सुखात होता. एक दिवस कोणाची तरी जुनी, बावीस फुटी, फायबरची बोट ‘जवळजवळ फुकट’ मिळाली म्हणून घेऊन आला. पोटात पेट्रोलचं इंजिन. कुंडलिकेच्या खाडीत ती चार महिने डुलली आणि जून लागताच वर ओढून ठेवली गेली. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. किनाऱ्यावर सगळ्या होड्या झावळ्या आणि ताडपत्री पांघरून ओळीनं झोपलेल्या. त्या दिवसांत मेहुण्याचा फोन आला. “भावोजी, तुम्ही रिकामेच आहात. या, जरा बोटीची साफसफाई करू.”

मेहुण्यानं इंजिनावरचं झाकण उचललं. इंजिनाबद्दल मला मत नाही, मला ती सगळी सारखीच दिसतात. माझी नजर खिळली ती शेजारच्या दोन नळ्यांवर. मनगटाहून जाड, तीन इंची, वळ्यावळ्यांच्या. एके काळी पांढऱ्या असाव्यात; आता रंग जुन्या कवळीचा. एका जागी आतली तार कातडी फोडून बाहेर आली होती आणि तिच्या गंजाचा ओघळ खाली उतरला होता. जरा दाबून पाहिलं, तर कुर्रर् करून टवका हातात आला, तळलेल्या कुरडईचा येतो तसा.

“यांचं काम काय?”

“हवा,” मेहुणा म्हणाला.

एवढ्या माहितीवर मी कामाला लागलो. बँकेत याहून कमी माहितीवर कर्जं मंजूर केली आहेत.

पहिला उपाय रंगाचा. नळ्या साबणानं घासल्या, टवके उडाले तिथे चिकटपट्टी मारली आणि हस्तिदंती ऑइलपेंटचे दोन हात दिले. लांबून त्या खरंच हस्तीच्या सोंडेसारख्या दिसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी रंग ओला. आठव्या दिवशीही ओला. पावसाळी हवा, दुसरं काय, असं म्हणून मी दोष वरुणदेवाला दिला. पण शेजारच्या नाखव्यानं त्याच दुकानातल्या रंगानं त्याच दिवशी रंगवलेलं दार खडखडीत वाळलं होतं आणि तो ते येता-जाता मुद्दाम ठोकून दाखवत होता. माझ्या नळ्यांवर तोपर्यंत डास, दोन मुंग्या, सुपारीचं फोलपट आणि मेहुण्याच्या बनियनचा धागा एवढा ऐवज जमा झाला होता.

पुढे कळलं ते असं. ही नळी पीव्हीसीची. पीव्हीसी मुळात कडक. त्यात तेलासारखं एक द्रव्य घालून त्याला मऊ करतात. ते द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर पाझरत राहतं. वर रंग दिला की ते रंगात शिरतं आणि रंगालाही मऊ करून सोडतं. तो रंग वाळत नाही, नुसताच वर्षानुवर्षं विचार करत बसतो. आणि ज्या नळीतून ते द्रव्य उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं निघून गेलं, ती नळी पुन्हा कडक होते आणि तडकते. म्हणजे माझ्या एकाच नळीचा अर्धा भाग चिकट आणि अर्धा कुरडई होता. अशा नळीला रंग देणं म्हणजे पडक्या भिंतीला तोरण.

दुसरा उपाय मला स्वयंपाकघरात सुचला, ओट्यावरच्या चिमणीकडे बघताना. तिची ती रुपेरी, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची लांबणारी नळी! चकाकी अशी की इंजिनाला तोंड बघता यावं. मी अलिबागहून दोन आणल्या आणि बोटीत जोडून नाखव्याला हौसेनं बोलावलं. त्यानं काही न बोलता एका नळीवर अंगठा ठेवला. ती बसलेल्या पुरणपोळीसारखी चपटी झाली आणि तशीच राहिली. मग त्यानं बॅटरीकडे बोट दाखवलं. नळीचं एक वळण बॅटरीच्या टोकापासून चार बोटांवर लोंबत होतं.

“दादा, बोट हलतंय. ह्यो पत्रा त्या टोकाला लागला तं?”

खाऱ्या हवेत असल्या पातळ पत्र्याला भोकं पडायलाही वेळ लागत नाही. पण तेवढा काळ आम्ही आणि बोट एकत्र राहिलो असतो की नाही, हा प्रश्न जास्त निकडीचा होता. चिमणीच्या नळ्या उतरल्या. सध्या त्या वाडीत आहेत. वारा आला की खडखडतात आणि वानर दबकून असतात. माझा एकही खर्च अगदी वाया जात नाही.

तिसरा उपाय अर्थातच गवसणी. तंबोऱ्याला घालतात, सतारीला घालतात, मग नळीला का नको? मेहुण्यानं तोवर अशाच जुन्या बोटीतल्या, पण धड नळ्या कुठून तरी मिळवल्या होत्या. बायकोनं पडद्याच्या उरलेल्या कापडाच्या दोन लांब खोळी शिवल्या, निळ्यावर पांढरी नक्षी. दोन्ही तोंडांना नेफा, नेफ्यात नाडी. नाडी ओढून मी अशी सुबक चुण्यांची गाठ मारली की नळीचं टोक रेशमी बटव्यासारखं दिसावं. मेहुण्यानं पंख्याचं बटण दाबलं. पंखा गरगर फिरला, आवाज दणदणीत. मी समाधानानं मान डोलावली आणि हवेचा झोत दिसावा म्हणून खिशातून उदबत्ती काढून पेटवली.

नाखवा पासष्टीचा असेल. तो त्या क्षणी होता पंधरा हातांवर, आणि पुढच्या क्षणी उदबत्ती त्याच्या हातात, मग वाळूत.

“दादा, ही तुमच्या फोटोला लावू, घाई काय हाय?”

मग त्यानं मला खाली बसवून जे सांगितलं ते मेहुण्यानं बोट घेतानाच विचारायला हवं होतं. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड. कुठे थेंब गळला, तर ती वर उडून जात नाही. बोटीच्या तळाशी तळ्यासारखी साठते. थंडीचाही तिला अडसर नाही, उणे चाळीस अंशांच्या आसपासही ती पेट घेऊ शकते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की एक ठिणगी पुरते. त्याहून कमी असली तर पेटत नाही, जास्त असली तरी नाही. भाजीतल्या मिठासारखं हे प्रमाण आहे, फक्त इथे चव बघायला आचारी उरत नाही. नाखव्याची स्वतःची होडी डिझेलची. डिझेल नेहमीच्या तापमानाला अशी वाफ सोडत नाही, म्हणून कोळीवाड्यात या पंख्या-नळ्यांचं कौतुक कोणी करत नाही. पेट्रोलच्या बोटीत मात्र या वाफेवर इलाज तोच: एक पंखा, तोही ठिणगी बाहेर न सोडणारा, आणि बाकी सगळी करामत नळ्यांची: एक बाहेरची हवा आत आणते, दुसरी तळातली वाफ ओढून बाहेर टाकते. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८० पासून बांधलेल्या, बंद खणात पेट्रोल इंजिन असलेल्या बोटींना असा पंखा सक्तीचाच आहे. आमच्या बोटीतही चावीशेजारी एक इंग्रजी पट्टी होती: इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा चालवा. मेहुण्यानं तिच्यावर गणपतीचं चित्र चिकटवलं होतं. श्रद्धा म्हणून चूक नाही, जागा चुकली.

आणि मी काय केलं होतं? त्या नळीच्या तोंडाला नाडी बांधली होती.

लहानपणी घरात कोणी सांगितलेलं ऐकत नसलं की आजी म्हणायची, ‘नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.’ सोनाराचा जो दोष, तो बोटीतल्या नळीचा एकमेव गुण. इकडून तिकडे वारं गेलं पाहिजे. माझ्या गवसणीत ते इकडेच अडकलं होतं. शिवाय कापड चार दिवसांत खारं पाणी पिऊन बसलं आणि पांढऱ्या नक्षीवर काळी बुरशी उमलली. बायको म्हणाली, नक्षी आता जास्त उठून दिसते.

शेवटी नव्या नळ्या आणल्या, बोटींसाठीच बनवतात त्या, ज्यांच्या तारेवर सगळीकडून विनाइल असतं. आणि नाखवा उकिडवा बसून सांगत गेला तसं मी करत गेलो. नळी कापली की तारेचं टोक उघडं पडतं, आणि खारं पाणी तिथून तारेच्या अंगानं आत चढतं; जुन्या नळीला फोड आले ते यामुळेच. म्हणून टोक आत वळवून सीलंटनं बंद केलं. पंख्याच्या तोंडावर नळी चढेना, तेव्हा तिचं टोक दोन मिनिटं कढत पाण्यात धरलं, लोण्यासारखी बसली. पट्टे स्टेनलेस स्टीलचे घेतले, तेही ३१६ क्रमांकाचे, आणि त्यांचे स्क्रूसुद्धा स्टेनलेसचे. दुकानदार पट्टा स्टेनलेसचा देतो आणि स्क्रू साधा. गंज नेमका त्या स्क्रूतून सुरू होतो, हे लग्नात मुलगा बघावा आणि मामा बघू नये तसं आहे. फळीच्या भोकातून नळी जिथे जाते तिथे बोटीच्या थरथरीनं ती घासते. त्या कडेला बागेतल्या पाइपाचा तुकडा उभा चिरून बसवला. प्लॅस्टिकच्या टाय काळ्या घेतल्या, कारण त्यांतली काजळी ऊन सोसते. पांढऱ्या दिसायला छान आणि वर्षात कडाकड तुटतात.

नळीची लांबी मात्र माझ्या जिवाला लागली. मी ती ऐसपैस ठेवून छानसं कमानदार वळण दिलं होतं. नाखव्यानं दीड हात कापून टाकली. प्रत्येक वळणाला झोत मंदावतो आणि झोळ पडला की त्यात पाणी साचून वाट बंद होते. धगीच्या पाइपापासून लांब, ठिकठिकाणी रबर लावलेल्या पकडींनी धरलेली, खालचं तोंड इंजिनाच्या खणाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात पण साचलेल्या पाण्याच्या वर. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, हे ऐकून होतो. इथे नळीच शेपटाच्या गुणाची होती आणि ती सरळ झाली. झाकण उघडून पाहिलं तर, खरं सांगतो, सुंदर दिसत होती. न रंगवता.

तरी माझी सवय जाते कुठे! पॉलिएस्टरची एक विणलेली जाळी मिळते, ढकलली की फुगते आणि ओढली की अंगाला घट्ट बसते. ती घासण्यापासून जपते, पाणी पीत नाही. मी नाखव्याकडे बघितलं. त्यानं जाळी बोटांत चोळली, नळीचं तोंड मोकळं राहतंय ना ते तीनदा तपासलं.

“पायजमा झकास हाय,” म्हणाला. “नाडी नको.”

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली. पंखा लावला, बाहेरच्या झडपेशी वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो फडफडून हातातून उडाला आणि खाडीत गेला. एवढा आनंद मला कुठल्याही बढतीच्या पत्रानं झाला नव्हता.

रेवदंड्याला आलात तर फेरीला जरूर या. विडी-काडी धक्क्यावर ठेवा. चावी फिरवण्याआधी चार मिनिटं बसून राहावं लागेल. तेवढ्या वेळात मी झाकण उघडून नळ्या दाखवतो.