ऑलआऊट काका

'आता ऑलआऊट जायचं!' असं म्हणणारं कुणीच ज्यांच्या सोसायटीत, ऑफिसात किंवा गणेश मंडळात नाही, त्यांनी हा मजकूर सोडून सरळ कोड्याकडे वळावं. बाकीच्यांना हा माणूस माहीत आहे. हिंजवडीत तो टीम लीड असतो, प्रचारात वॉर्डाचा कार्यकर्ता असतो आणि आमच्याकडे तो सेक्रेटरी आहे. बँकेतून निवृत्त, पायात कायम बूट. सोसायटीच्या पोरांनी त्यांचं नाव 'ऑलआऊट काका' ठेवलं, ते त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांना ते चक्क आवडलं. तिथेच आम्ही हरलो.

काकांच्या लेखी 'थोडंसं', 'सवडीनं', 'होईल तेवढं' हे शब्दच नाहीत. जिवाचं रान आपण आयुष्यात एकदा-दोनदा करतो, तेही मुलीच्या लग्नात वगैरे. काका ते आठवड्यातून दोनदा करतात. पार्किंगमधली मांजरीची पिल्लं हलवायची? ऑलआऊट. जिन्यातला बल्ब गेला, तर चौघांची समिती, शेजारच्या बिल्डिंगमधून शिडी, वॉचमनच्या हातात टॉर्च, मेन स्विच बंद, लिफ्ट बंद, अख्खी विंग अंधारात. मग शिडीच्या टोकावरून काकांचा आवाज आला, "अरे, हा होल्डर आट्यांचा आहे!" आणलेला बल्ब पिनचा होता.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. उपविधींप्रमाणे कोरम म्हणजे सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यातलं जे कमी असेल ते. आम्ही चाळीस बिऱ्हाडं, म्हणजे वीस डोकी हवीत. सभेच्या आधी आठवडाभर रोज पहाटे साडेपाचला ग्रुपवर उगवत्या सूर्याचं चित्र आणि खाली 'कोरमसाठी ऑलआऊट!!' सभेला येतात सात. त्यातले दोघे पाणी का आलं नाही, हे विचारायला आलेले. मग सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरते, कारण तहकूब सभेला कोरमची अट नसते. एवढी साधी पळवाट नियमातच असताना पहाटे साडेपाचला आमची झोप का मोडायची, असं एकदा कुणीतरी विचारलं. काका म्हणाले, "प्रयत्न ऑलआऊट पाहिजे. निकाल काय, अर्ध्या तासानं लागतोच."

डेंग्यूच्या दिवसांत तर त्यांना चेवच येतो. नाव डास मारायच्या यंत्राच्या जाहिरातीतलं वाटू नये म्हणून मोहिमेला त्यांनी 'ऑलआऊट डास हटाव' असं नाव दिलं, आणि ते नेमकं जाहिरातीतलंच वाटलं. भाड्यानं मशीन आणून असा धूर केला, की दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी देवघरात आग लागली समजून कळशी ओतली. धुरानं फार तर उडणारे डास मरतात. अळ्या पाण्यात खुशाल असतात. डेंग्यूच्या डासाला तर स्वच्छ साठलेलं पाणीच लागतं, गटार त्याला चालत नाही. महापालिकेचा माणूस तपासणीला आला. कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, सगळं त्यानं पाहिलं. अळ्या सापडल्या एकाच ठिकाणी. सेक्रेटरींच्या टेबलावरच्या मनीप्लँटच्या बाटलीत.

क्रिकेटचं विचारूच नका. विंग-विंगच्या सामन्यात पहिल्याच चेंडूआधी काका सीमेवरून ओरडतात, "ऑलआऊट!" आणि चौथ्या षटकात आमची विंग तसंच करून दाखवते. तिसऱ्या मजल्यावर आमचे एक आकडेपंडित राहतात. 2020 च्या ॲडलेड कसोटीतल्या भारताच्या 36 ला कुणी 'ऑलआऊट' म्हटलं की ते ताडकन उठतात: नऊच विकेट पडल्या होत्या, शमीच्या हाताला लागलं म्हणून तो निवृत्त झाला. त्यांनी काकांना तो शब्द मैदानावर तरी वापरू नका म्हणून विनवलं. त्यावर काकांनी 1983 काढलं. "फायनलला आपण 183 ला ऑलआऊट झालो होतो की नाही? कप कुणी आणला?" आकडेपंडित निरुत्तर झाले. समोरचा वेस्ट इंडीजचा संघ 140 ला ऑलआऊट झाला होता, हे त्यांना जिना चढताना आठवलं.

हे सगळं लिहिताना 25 सप्टेंबर 2019 ची रात्र वगळता आली असती तर बरं झालं असतं. पुण्यात आंबिल ओढा फुटून आला ती रात्र. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. आमच्या मागची भिंतही आडवी झाली आणि पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींवर चढल्या. लाइट गेलेले. तळमजल्यावरची मंडळी गाद्या, कागदपत्रं, मिक्सर उचलून माळ्यावर ठेवत होती. तेवढ्यात कमरेएवढ्या पाण्यातून काका दारं बडवत निघाले, "ऑलआऊट! ऑलआऊट!" त्यांचा रोख प्रयत्नांकडे होता, पाणी काढायला सगळ्यांनी भिडा असं त्यांना म्हणायचं होतं. तळमजल्यानं ऐकलं ते 'सगळे बाहेर'. मिक्सर टाकून चारही बिऱ्हाडं जिन्यावर आली. एका आजोबांना काकांनीच पाठुंगळी आणलं. थोड्या वेळानं त्या खोल्यांत पाणी पंख्यापर्यंत चढलं.

काकांची स्कूटर त्या रात्री वाहून गेली, ती मिळाली नाही. लोकांनी आपल्या बोलण्याचा अर्थ काय घेतला, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगायचं नाही असं चाळीस बिऱ्हाडांचं कोरमशिवायच ठरलेलं आहे.

यंदा सेक्रेटरीपदासाठी एकच अर्ज आला. काकांचा. ते बिनविरोध निवडून आले. दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून, असं आम्ही एकमेकांना सांगतो.