नाना तयारीत आहेत

जालना रोडला करमाडच्या फाट्याजवळ एका पहाटे एका ट्रकवाल्यानं गाडी बाजूला घेतली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि विचारलं, "साहेब, पुढं रस्ता बंद आहे का? वळण कुठून दिलंय?" ज्यांना विचारलं ते आमचे नाना. अंगात भडक नारिंगी जाकीट, पाठीवर फुगलेली सॅक, कपाळाला बांधलेला टॉर्च, तोही चालू. नानांनी ट्रकवाल्याला नीट समजावून सांगितलं. हे जाकीट रस्त्याच्या कामाचं नाही. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारे लोक असलं घालतात. हरणाला नारिंगी रंग धड ओळखू येत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला येतो, त्यामुळे तो आपल्याला हरीण समजून गोळी घालत नाही. ट्रकवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे रस्ता चालू आहे ना?"

प्रत्येक गावात असा एक माणूस असतो. कुठं जायचं ठरलं की त्याच्या अंगात येतं. पण ते जाण्याचं नव्हे, जाण्याआधीचं. पोहायचं ठरवलं तेव्हा नानांनी पाण्यातला चष्मा, रबरी टोपी आणि कानात घालायची बुचं आणली. त्या वर्षी पाऊस असा झाला की विहिरीनं संक्रांतीलाच तळ दाखवला. वारीला निघायचं म्हणून तंबू आणला. तो आजही गच्चीवर आहे, त्यात वहिनी कुरडया वाळवतात. पैशाची अडचण नव्हती. शेंद्र्याच्या पट्ट्यात ऑरिक हे औद्योगिक शहर आलं, आजूबाजूच्या जमिनी गेल्या आणि मावेजा आला. कुणी बंगला बांधला, कुणी पांढरी गाडी घेतली, शहाण्यांनी लांब कुठं तरी पुन्हा जमीनच घेतली. नानांनीही घरदार, पोरांची लग्नं सगळं रीतसर केलं. उरलेला मावेजा तयारीत गुंतवला.

या वेळची ठिणगी टेक्सासातून पडली. तिकडं नोकरीला असलेल्या भाच्यानं फोनवर सांगितलं की आपलं काळवीट 1930 च्या दशकात तिकडं नेऊन सोडलं, ते तिथं बख्खळ वाढलं, आणि आता लोक पैसे भरून, सोबत वाटाड्या घेऊन त्याची शिकार करतात. वर त्या वाटाड्यांनी गिऱ्हाइकांना दिलेली तयारीची यादीही पाठवली. नानांना आधी राग आला. आपलं काळवीट आणि गोळी त्यांची! मग त्यांनी यादी वाचली आणि राग विरघळला. बूट, पायमोजे, कपड्यांचे तीन थर, दुर्बीण, बिनवासाचा साबण, बारा आठवड्यांचा व्यायाम. असलं वाङ्मय नानांनी जन्मात वाचलं नव्हतं.

शिकारीचा प्रश्न अर्थातच नव्हता. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, मारलं तर तीन ते सात वर्षं आत. "जोधपूरला त्या नटाचं पाह्यलं ना?" नाना म्हणाले. "1998 ची भानगड, 2018 मध्ये पाच वर्षांची शिक्षा. त्याच्याकडं वकील तरी होते. आपल्याकडं कोण आहे?" तेव्हा बंदूक वगळून बाकी सगळी शिकार करायची असं ठरलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री गौताळ्याच्या अभयारण्यात पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजतात. त्यासाठी नानांनी अर्ज भरला. सोबतीला म्हणून माझाही भरला, मला न विचारता.

इथं एक सांगायला हवं. हरणं बघायला नानांना कन्नडच्या डोंगरात जायची गरज नव्हती. त्यांच्या धाकट्या भावाच्या रानात कळप येतो, सरकी उगवली की कोवळे शेंडे खुडून जातो. भावानं धुऱ्याला जुन्या साड्या बांधल्यात, रात्री फटाके वाजवतो, आणि सकाळी हरणांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मी नानांना म्हटलं, तिथंच खाट टाकून बसू. नाना म्हणाले, "ती हरणं काय हरणं आहेत? तिथं चपलीवर जाता येतं."

व्यायाम सुरू झाला. यादीत लिहिलं होतं, पाठीवर ओझं घेऊन चाला आणि दर आठवड्याला ओझं वाढवत न्या. नानांनी सॅकमध्ये विटा भरल्या आणि भुसारवाल्याच्या काट्यावर वजन करून आणलं. दोन दिवस वहिनींनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, ओझंच न्यायचं तर दळण न्या ना." तेव्हापासून नाना जाताना दहा किलो ज्वारी आणि येताना पीठ नेऊ-आणू लागले. ओझं वाढवायचं म्हणून शेजारणींचीही दळणं आली. एकदा सॅकची शिवण उसवली आणि गिरणीपासून घरापर्यंत पांढरी रेघ पडली. त्या रेघेवरून गावातली चार कुत्री आणि एक शेळी नानांच्या दारात येऊन उभी राहिली. नानांनी वहीत नोंद केली: "माग काढणे जमते." त्या वहीत रोजचं अंतर, वजन आणि नाडीचे ठोके असायचे. एका रविवारी ते सॅकसह देवगिरीचा किल्लाही चढून आले. वर जायला किती वेळ लागला ते वहीत नाही, त्यामुळे मी अंदाज बांधला.

बुटांचं वेगळंच प्रकरण. नवे बूट पायाला रुळवावे लागतात, म्हणून नाना ते घरभर घालून फिरत. देवघर सोडून सगळीकडं. दुर्बिणीवर तर आमच्या चार संध्याकाळी गेल्या. आठ बाय बेचाळीस की दहा बाय बेचाळीस? पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहा पट म्हणजे दूरचं मोठं दिसतं, पण हाताची थरथरही दहा पट. शिवाय चांदण्यात आठवालीच जास्त उजेड डोळ्यात टाकते. हे सगळं नानांनी मला समजावलं, मला पटलं, आणि मग त्यांनी दोन्ही घेतल्या.

हरणाचं नाक तिखट, म्हणून घरात बिनवासाचा साबण आला. नाना रोज अंगणात उभे राहून चिमटीनं राख सोडायचे आणि वारा कुठून वाहतोय ते बघायचे. यादीत शेवटी हरणीच्या मुताची बाटलीही होती. अमेरिकेत ती दुकानात मिळते, नर ओढला जावा म्हणून शिंपडतात. ती मागवायचा विषय निघाला तेव्हा वहिनी प्रथमच आवाज चढवून बोलल्या. त्या काय बोलल्या ते मी लिहीत नाही, पण बाटली आली नाही.

आला मग वैशाख. कन्नडला वनरक्षकानं आमची गाठ घेतली. तरुण पोरगा, पायात साध्या सपाता, खांद्यावर पाण्याची बाटली. त्यानं नानांना खालून वर पाहिलं. नारिंगी जाकीट घरी ठेवून नानांनी रानात दडायचे पानापानांचे कपडे घातले होते, हिरवेगार. पण गौताळ्याचं रान पानगळीचं. मे महिन्यात तिथं सगळं रान वाळून करडं झालेलं असतं. त्यात नाना दोन मैलांवरून दिसत होते, माळावर एकट्या उभ्या कडुनिंबासारखे.

"चालायचं किती?" नानांनी सॅकचे पट्टे ओढत विचारलं.

"चालायचं कुठं, नाना? गाडी मचाणाखाली जाते. शिडी चढायची आन् बसायचं. सकाळपर्यंत."

"नुसतं बसायचं?"

"हालायचं न्हाई, बोलायचं न्हाई, खोकायचं न्हाई."

बारा आठवड्यांचा घाम, गावाची दळणं, देवगिरीच्या पायऱ्या. सगळं नानांच्या चेहऱ्यावरून एकदा सरकून गेलं. बसण्याची तयारी कुणीच केली नव्हती.

वाटेत पोरगं माहिती देत होतं. अभयारण्य 1986 चं, बरंचसं आपल्याकडं कन्नडात, थोडं खाली चाळीसगावकडं. मधला औट्रम घाट ज्याच्या नावाचा तो आउट्रम हा खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज, आणि वाघाच्या शिकारीचा मोठा नादिष्ट. "आता वाघ न्हाईत ना?" नानांनी सहज विचारलं. पोरगं म्हणालं, 2021 च्या मार्चमध्ये एक आला होता, थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत. नाना मचाणाच्या शिडीवर माझ्याआधी चढले, सॅकसकट, बारा आठवड्यांचं चीज व्हावं असे.

उन्हाळ्यात रानातले बाकीचे पाणवठे आटतात, उरलेल्यांवर जनावर हमखास येतं आणि पुनवेच्या उजेडात दिसतं, एवढंच या मोजणीचं गणित. एकच रोही तीनदा पाण्यावर आला तर तीन रोही लागतात. म्हणून शास्त्रशुद्ध मोजणी आता कॅमेऱ्यांवर चालते, आणि पुनवेच्या या रात्रीला वनखातं 'निसर्गानुभव' म्हणू लागलंय. नानांना ते नाव आवडलं नाही. त्यांनी मोजायला पेन्सिली तासून आणल्या होत्या, तीन.

दहाच्या सुमारास सायाळ आली, मग रोह्यांची जोडी. डास चावत होते, पण ओडोमॉसला वास येतो म्हणून नानांनी लावू दिलं नव्हतं. तीन थरांपैकी दोन कपडे त्यांनी काढून उशाला घेतले. मग बराच वेळ काहीच नाही. मग पोरानं हळूच बोट केलं. पलीकडच्या काठाला, झुडपाच्या सावलीत, शेळीएवढं काही तरी उभं होतं. पाय उचललेला, मान अर्धी वाकलेली, पाण्यापासून हातभर लांब.

नानांचा हात खिशाकडं गेला. त्या पानापानांच्या जाकिटाला एकोणीस खिसे, आणि प्रत्येकाला वेल्क्रो. नानांनी अकरावा खिसा उघडला.

खर्रर्र.

अख्ख्या रानात तेवढा एकच आवाज झाला. पलीकडून खणखणीत "भॉक!" असं कुणी तरी भुंकलं, आणखी एकदा भुंकलं, पाचोळा खसफसला आणि काठ रिकामा झाला. रोहीसुद्धा गेले. पहाटेपर्यंत मग पाण्यावर बेडूक सोडून कुणी आलं नाही.

"कुत्र्यानं घात केला," नाना कुजबुजले. "बरोबर त्याच टायमाला आलं मेलं."

"नाना, ते भेकर होतं," पोरगं म्हणालं. "भेकर असंच भुंकतं, बिचकलं की. हरीण हाय ते. दर साली शिंगं गाळणारं, खरंखुरं. काळवीट-चिंकाऱ्याची शिंगं गळत न्हाईत, ते वेगळे."

हे शिंगांचं नानांना पाठ होतं. प्रवासभर त्यांनी मला तेच सांगितलं होतं. पण भुंकणं यादीत नव्हतं. सकाळी तक्त्यावर सह्या करताना पोरानं लिहिलं, भेकर 1. नाना त्या आकड्याकडं बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तू म्हणतोस तर असेल. पण मी सही करतो ती कुत्र्यावर."

परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. वेरूळ मागं पडलं, दौलताबादचा घाट उतरलो, तरी गप्प. करमाडला उतरल्यावर घरी न जाता ते थेट टेलरच्या दुकानात शिरले, जाकीट त्याच्या मशीनवर ठेवलं आणि सगळे वेल्क्रो उसवून बटणं लावायला सांगितली.

"किती, नाना?" टेलरनं विचारलं.

"एकोणीस. अन् बटणं प्लास्टिकची नकोत, वाजतात. लाकडाची बघ." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हां, आणि उद्यापासून रोज संध्याकाळी आपल्या गच्चीवर या. बसायची प्रॅक्टिस करू. तुमच्या वहिनींना तंबू रिकामा करायला सांगतो."