उचलली क्रेन, लावली माळ्याला

झोपाळ्याच्या कड्यांवर चार माणसं बिनघोर झुलतात, तर एक इंजिन का लटकू नये, हा माझा मूळ प्रश्न. तो मी आमच्या मिस्त्रींना विचारला. ते पाना पुसत म्हणाले, "साहेब, माणसाचा झोका थांबवायला त्याचे स्वतःचे पाय असतात. इंजिनाला तुमचे लागतील."

आमच्या पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त आवडीने पिऊ लागलं होतं. रिंगा गेल्या होत्या, आणि सिग्नलला मागे थांबलेले स्कूटरवाले निळ्या धुरात दिसेनासे व्हायचे. इंजिन उतरवून बोअर करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "गाडी आणून सोडा, संध्याकाळपर्यंत इंजिन बाहेर." त्यांच्या गॅरेजात दोन भिंतींवर लोखंडी गर्डर टाकलाय, त्याला चेन-पुली आहे. पण बँकेत जन्म काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हाताने काहीतरी करून दाखवायची खाज सुटते. आजवर मी उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे लेजर.

घरातल्या छताला चेन-पुली टांगायची नाही, हे मिस्त्रींनी ठणकावलं होतं. उरली ती चाकांवरची हायड्रॉलिक क्रेन. नाना पेठेतल्या दुकानदाराने विचारलं, "गॅरेज कुठं आहे, साहेब?"

"घरी."

"म्हणजे धंदा घरूनच?"

"नाही हो. एकच गाडी आहे. माझीच."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला ओळखीची होती. मुलीच्या लग्नात बँडसाठी वेगळं कर्ज मागणाऱ्याकडे आम्ही काउंटरपलीकडून तसंच पाहायचो.

तो एक टनाची दाखवत होता, मी दोन टनांवर अडून बसलो. अख्खी पद्मिनी एक टनाच्या आत भरते आणि तिचं इंजिन फार तर दीड-दोन माणसांच्या वजनाचं. पण 'दोन टन' ही पिवळी अक्षरं अंगणात कशी दिसतील हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. दोन टन उचलणारं ते यंत्र टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. त्यांना चहा द्यावा लागला. दोघांनी पोहेही खाल्ले.

जोडणी झाल्यावर मी दांडा हापसायला घेतला. हापसतोय, हापसतोय, बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जागची हलेना. दुकानदाराला फोनवर फैलावर घ्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात शेजारचा कॉलेजातला पोरगा म्हणाला, "काका, व्हॉल्व्ह उघडाच आहे." जॅकच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो. तो घट्ट बंद केल्याशिवाय तेल दट्ट्याला वर ढकलत नाही, नुसतं फिरून टाकीत परत जातं. म्हणजे मघापासून मी व्यायाम करत होतो.

मग दोन टनांचा खरा हिशोब कळला. बूमला भोकं असतात. बूम आखूड ठेवली तर दोन टन. एकेक भोक पुढे सरकवत गेलं की दीड, एक, आणि शेवटी अर्धा. हौसेने सगळ्यात आखूड ठेवलेली माझी बूम ग्रिलपाशीच संपली. इंजिनापर्यंत पोचायचं तर शेवटचंच भोक. पिवळी अक्षरं तशीच चमकत होती, पण उचलायचा वकूब आता पाव हिश्श्यावर आला होता. क्रेनचे खालचे पायही तेवढेच पुढे ओढायचे असतात. हुक पायांच्या टोकापलीकडे गेला की क्रेन आधी आपलंच नाक घासते.

त्यातून घरच्या गॅरेजात गाडी तोंड भिंतीकडे करून उभी. क्रेन पुढूनच यावी लागते, आणि पुढे तर भिंत! क्लचची जोडणी सुटलेली, बॅटरी काढलेली, अशी गाडी चौघांनी ढकलून उलटी आत घेतली. मी पहिल्यांदा बूम ऐटीत वर नेली, ती थेट माळ्याच्या फळीला भिडली. वरून पितळी सोऱ्या घरंगळत आला आणि मडगार्डवर आपटून ठण्ण वाजला. मागोमाग ही बाहेर आली. माझं डोकं शाबूत आहे का, हे विचारायचं सोडून म्हणाली, "अहो, हाच! दिवाळीपासून शोधतेय मी."

शेवटी सगळं लटांबर अंगणात आलं. मिस्त्री "नुसतं बघायला येतो" म्हणून आले होते, त्यांनी खुर्ची मागवली. साखळी अडकवायला मी बिस्किटाच्या डब्यातून बोल्ट काढले होते. त्यांनी एक उचलून त्याच्या डोक्यावर नख फिरवलं. डोकं गुळगुळीत, कसलाच आकडा नाही. "हा खिडकीच्या गजाचा," म्हणत त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि खिशातून ८.८ कोरलेले दोन काढले. ते ब्लॉकमध्ये पुरे आत जाईपर्यंत पिळले. अर्धवट बसलेला बोल्ट आटे घेऊन बाहेर येतो म्हणे.

गिअरबॉक्सखाली जॅक लावला, मी हापसू लागलो. काय सुरेख उचललं जात होतं! साखळी ताठ, पुढचे स्प्रिंग मोकळे होतायत, गाडीचं नाक वर वर चाललंय.

"साहेब," मिस्त्री खुर्चीतूनच म्हणाले, "इंजिन काढताय की गाडी?"

डावीकडच्या माउंटिंगचा नट तसाच होता. तो सुटला, आणि इंजिन अखेर बाहेर आलं. आलं आणि छातीएवढ्या उंचीवर लोंबकळत राहिलं. तसंच ढकलायला गेलो, तर क्रेनचं चाक शहाबादी फरशीच्या सांध्यात रुतलं आणि इंजिन माझ्याकडे झुकून बघू लागलं.

"आधी खाली घ्या," मिस्त्री आता उभे राहून ओरडले. "जमिनीपासून वीतभर राहू द्या, मग ढकला. पोरांनो, लांब व्हा! साहेब, व्हॉल्व्ह केसभरच फिरवा. केसभर म्हणजे केसभर." एवढं बोलून त्यांनी माझ्या टकलाकडे पाहिलं आणि बोटांनी माप करून दाखवलं.

इंजिन वीतभरावर आलं तेव्हा हिने विचारलं, "आणि हे ठेवणार कुठे?"

अंगणात शांतता पसरली. टेम्पो, क्रेन, साखळी, बोल्ट, पोहे, सगळ्याचा विचार झाला होता. इंजिन घिरट्या घेत होतं, व्हॉल्व्ह मी हाताने दाबून धरला होता (त्याची गरज नव्हती, हे मिस्त्रींनी मला नंतरही सांगितलं नाही), आणि शेजारचा पोरगा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जुना टायर आणायला धावला.

इंजिन आता बोअरिंगवाल्याकडे आहे. त्याने विचारलं, "परत बसवणार कोण?" मी घसा खाकरून तोंड उघडेपर्यंत हिने त्याला मिस्त्रींचा नंबर लिहून दिला होता.