कुलूप एकाच बाजूला

लिव्ह अँड लायसन्सचा करार करायला एजंट घरी येतो. सोबत लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि घाई. "इथे अंगठा ठेवा, कॅमेऱ्यात बघा, झालं." दहा मिनिटांत ११ महिन्यांचा करार होतो. त्यातलं लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक महिन्यांआधी करार न मोडण्याचं, कलम भाडेकरू पहिल्यांदा नीट वाचतो, ते घर सोडायची वेळ आल्यावर.

माझ्यावर ती वेळ चौथ्या महिन्यात आली. वडील गावी आजारी पडले आणि पुण्यातलं बिऱ्हाड हलवावं लागलं. महिन्याची नोटीस दिली, भाडं चुकतं केलं, वीजबिल भरलं, घर झाडून-पुसून चावी हातात दिली. घरमालक म्हणाले, "सहा महिन्यांचं लॉक-इन होतं. राहिलेल्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापलंय." महिना २० हजारांप्रमाणे ४० हजार गेले. बाराव्या दिवशी त्याच घरात नवं बिऱ्हाड आलं. पुढचा दीड महिना एकाच घराचं भाडं दोघांकडून वसूल झालं. एक तिथे राहत होता, दुसरा नव्हता.

घर रिकामं राहिलं १२ दिवस. त्याचे होतात ८ हजार. वर नव्या एजंटची दलाली धरा. एवढं देणं मी लागत होतो आणि ते द्यायला तयारही होतो. भाड्यावर औषधपाणी चालवणारे निवृत्त घरमालक मी पाहिलेत. त्यांचा महिना बुडाला तर तो भरून मिळालाच पाहिजे. पण बुडालाच नाही, त्या महिन्याचे पैसे कसले?

कायदाही हेच विचारतो. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं, करार मोडल्याबद्दल रक्कम लिहून ठेवलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा आहे, हक्काची रक्कम नव्हे. दिल्ली विकास प्राधिकरणाने एका खरेदीदाराची ७८ लाखांची बयाणा रक्कम जप्त केली होती आणि तोच भूखंड पुढे कितीतरी जास्त किमतीला विकला होता. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, यात तुमचं नुकसान कुठे झालं? आणि पैसे परत करायला लावले.

मग मी कोर्टात का गेलो नाही? ४० हजारांसाठी वकील, तारखा, रजा. ते परवडत नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. डिपॉझिट आधीच त्याच्या खात्यात असतं. भांडायचं ते आपण, पैसे धरून बसायचं ते त्याने.

माझ्या करारात आणखी एक गोष्ट होती. लॉक-इन फक्त मला. घरमालक महिन्याच्या नोटिशीवर मला केव्हाही बाहेर काढू शकत होते. मुदत संपूनही भाडेकरू हटला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ने त्याच्यावर दुप्पट दराने भरपाई बसते. मालकाच्या बाजूने कायदा इतका स्पष्ट आहे. मुदतीआधी निघणाऱ्याचा हिशेब मात्र करारावर सोडलेला, आणि कराराचा मसुदा बहुतेकदा मालकाच्या एजंटचा.

म्हणून अंगठा ठेवण्याआधी मसुदा एक दिवस हातात मागा. त्यात तीन गोष्टी लिहून घ्या. लॉक-इन दोघांनाही सारखं. लॉक-इनमध्ये सोडावं लागलं तर नवा भाडेकरू येईपर्यंतचंच भाडं, तेही फार तर एक महिन्याचं. आणि चावी दिली त्याच दिवशी डिपॉझिट परत. कुणी म्हणालं, "आपल्यात काय, नोंदणी कशाला?" तर ऐकू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम ५५ने करार लेखी आणि नोंदलेला असावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

निघताना नोटीस लेखी द्या, मीटरचा आणि भिंतींचा फोटो काढा, चावी दिल्याची पोच घ्या आणि करार संपल्याचं दोघांच्या सहीचं पत्र करून ठेवा.

सरकारकडे मागणी एकच. कराराची नोंदणी ऑनलाइन होते, तर तिच्या छापील नमुन्यातच या तीन ओळी घाला. प्रत्येक भाडेकरूने त्या भांडून मिळवाव्यात, ही अपेक्षा चुकीची आहे. घर शोधून थकलेला, सामान टेम्पोत भरून बसलेला माणूस भांडत नाही, अंगठा ठेवतो.

घर रिकामं राहिलं त्या दिवसांचं भाडं माझ्याकडून जरूर घ्या. भरलेल्या घराचं नको.