‘लो’ आलंय, आता काय?

लॅबच्या पॅकेजात थायरॉइड आणि व्हिटॅमिन डीच्या पंगतीला हल्ली एएमएच येऊन बसलंय. लग्न अजून ठरायचंय, मुलाचं दोन-तीन वर्षांनी बघू म्हणताय, तक्रार काडीची नाही. तरी ‘करून घ्या मॅडम, ऑफर आहे.’ सकाळी दंडात सुई, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. आकडा ०.६, शेजारी ठळक ‘लो’. निदान डॉक्टरांनी करावं, अशी बारीक टायपातली ओळ तळाशी असते. ती सापडेपर्यंत आईचं बीपी वर आणि मावशीचा फोन सुरू.

एएमएच म्हणजे अँटी-म्युलेरियन हार्मोन; ते अंडाशयातल्या लहान फॉलिकल्समधून रक्तात उतरतं. बीजांचा साठा किती, याचा त्यावरून अंदाज येतो. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनचा डोस ठरवताना त्याचा खरा उपयोग. पण बीज कसं आहे, नळ्या मोकळ्या आहेत का, दिवस राहतील का, यातलं त्याला ओ का ठो कळत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खाली येऊ शकतो. रक्त घ्यायला आलेला पोरगा ते विचारतो कशाला?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० बायकांचा अभ्यास झाला. २०१७ साली तो ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सहा पाळीचक्रांत दिवस राहण्याची शक्यता ‘लो’वाल्यांत ६५ टक्के, नॉर्मलवाल्यांत ६२. घ्या! तक्रार नसलेल्या बाईला या आकड्यावरून सल्ला देऊ नका, असं तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१९ मध्ये बजावलं. आपल्याकडे पॅकेज मात्र जोरात.

आणि नवरोबा? वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासून घ्यायचं. बाईची पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच. वीर्यतपासणीला ना सुई, ना उपाशी पोट. पण नाव काढा, की सासूबाई म्हणणार, ‘आमच्या घराण्यात तसलं काही नाही हो.’ मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. घराणी सगळी चांगलीच असतात.

तेव्हा तक्रार नसेल, तर पॅकेजातून एएमएच खोडायला सांगा. तक्रार असेल, तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा आणि नवऱ्याला सोबत न्या. गाडी पार्क करायला नव्हे, आत केबिनमध्ये.