नाकाचं उद्घाटन

पाऊस लागला की शिरोड्याच्या बाजारात रोगाचं निदान मेडिकलच्या काउंटरवरच होतं. "शेंबूड पिवळो झालो, आता अँटिबायोटिक होयीच!" झालं. ड्रॉवरमधून कातरी निघते आणि पाकिटावरच्या लाल रेघेला वळसा घालून दोन गोळ्या कापून मिळतात. ही रेघ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी घेऊ नये म्हणून असते. 2016 साली सरकारनं तिची मोहीमही काढली होती. पण गावात चिठ्ठी मागायची म्हणजे ओळखच विसरायची की हो!

बिचाऱ्या नाकाला कोणी विचारत नाही. आत डोळ्यांना न दिसणारे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि धूळ-जंतू अडकलेला शेंबूड मिनिटाला पाच-सहा मिलिमीटर घशाकडे सरकवतात. तो पोटात जातो, पुढचं आम्ल बघून घेतं. पडशाचा विषाणू या केसांनाच झोडपतो, म्हणून सगळं तुंबतं. पिवळा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही, झडलेले केसही उगवत नाहीत. आठवडाभरात सूज उतरते, केस कामाला लागतात, नाक सुटतं. आणि नेमकी तेव्हाच गोळी येते फीत कापायला! रस्ता कोणी केला, बॅनर कोणाचा, हे आम्हाला नवीन नाही.

पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगनं त्याआधी, 1921 साली, सर्दीच्या शेंबडातच जंतू विरघळवणारं लायसोझाइम शोधलं होतं. पण शेंबडाचा सत्कार करणार कोण?

दहा दिवसांत उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर डॉक्टर गाठावा. तिथं गोळीचं काम असू शकतं. एरवी उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून नाक धुतलं, तरी त्या केसांना हातभार लागतो.

मिठाची महती शिरोड्याला काय सांगायची! मे 1930 मध्ये इथल्या मिठागरांवर लोकांनी मीठ उचलून कायदा मोडला, लाठ्या खाल्ल्या. आता मीठ न उचलताच कायदा मोडता येतो, तोही कातरीनं. मीठपाण्याचं सुचवलं, तर काउंटरवरून उत्तर आलं, "धा रुपयांच्या मिठान काय गुण येतलो?"